वेस्ट ट्रेंटनचं लिंडबर्ग दफ्तर: काय बघावं, काय मागावं

अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या मुलाच्या अपहरणावर गेली नव्वद वर्षं लिहिलं जातंय, आणि अजूनही अधूनमधून कुणीतरी 'खरा गुन्हेगार सापडला' म्हणत पुढे येतं. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं असेल, तर न्यू जर्सी राज्य पोलिसांचं संग्रहालय आणि त्यातलं या खटल्याचं दफ्तर यांच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. त्या दोन्हींचं हे परीक्षण आहे. दफ्तराला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं वाटतं, पण एका गोष्टीसाठी ते कापावे लागतात. ती गोष्ट शेवटी येईल.

आधी जाण्याची व्यवस्था. संग्रहालय वेस्ट ट्रेंटनला रिव्हर रोडवर, राज्य पोलिसांच्या मुख्यालयाच्या आवारात आहे. चालत्या पोलिस मुख्यालयाचं फाटक ओलांडायचं असतं, म्हणून फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा आणि निघण्यापूर्वी फोन करून त्या दिवशी उघडं आहे ना याची खात्री करा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मांडलेल्या वस्तू पाहणं आणि दफ्तरातले कागद काढून वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. कागदांसाठी आगाऊ वेळ घ्यावी लागते. बहुतेक लोक फक्त वस्तू पाहून अर्ध्या तासात बाहेर पडतात, आणि इथली खरी दौलत न पाहताच परततात.

प्रकरण थोडक्यात असं. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांचा वीस महिन्यांचा मुलगा १ मार्च १९३२ च्या रात्री होपवेलजवळच्या घरातून, वरच्या मजल्यावरच्या खोलीतून नाहीसा झाला. खिडकीपाशी ५०,००० डॉलरच्या खंडणीची चिठ्ठी मिळाली. २ एप्रिलला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या सेंट रेमंड्स दफनभूमीत जॉन कॉन्डन या निवृत्त शिक्षकाने मध्यस्थ म्हणून पैसे दिले, तरी मूल परत आलं नाही. १२ मे रोजी घरापासून चार-साडेचार मैलांवर, रस्त्यालगतच्या झाडीत त्याचा मृतदेह सापडला. सप्टेंबर १९३४ मध्ये ब्रुनो रिचर्ड हाउप्टमन या जर्मनीहून आलेल्या सुताराला अटक झाली. फ्लेमिंग्टनच्या न्यायालयात २ जानेवारी ते १३ फेब्रुवारी १९३५ असा खटला चालला आणि ३ एप्रिल १९३६ रोजी ट्रेंटनच्या तुरुंगात त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. शेवटपर्यंत त्याने गुन्हा कबूल केला नाही. त्याची पत्नी अ‍ॅना १९९४ साली वारली, तोवर ती त्याच्या निर्दोषत्वासाठी भांडत राहिली.

आता शिडी. मूळ शिडी इथेच आहे आणि सगळ्यात जास्त वेळ तिच्यापाशीच काढावा.

पहिल्या नजरेला ती ओबडधोबड वाटते, पण तिच्यात डोकं लावलेलं आहे. तीन तुकडे आहेत, प्रत्येकी साधारण पावणेसात फुटांचे. खालचा तुकडा रुंद, मधला जरा अरुंद, वरचा त्याहून अरुंद. त्यामुळे तिन्ही एकात एक बसतात आणि गाडीत मावतात. जोडताना एका तुकड्याची टोकं दुसऱ्यात घालून आडवी लाकडी खुंटी ठोकायची. तिन्ही जोडले की वीसेक फूट होतात. वजन ३८ पौंड, म्हणजे सतरा किलोच्या आसपास. पायऱ्या अकरा, उभे दांडे सहा. दोन पायऱ्यांतलं अंतर दीड फुटाच्या वर आहे. नेहमीच्या शिडीत ते फूटभर असतं. काळोखात, एका हातात मूल घेऊन एवढ्या अंतरावरची पायरी पायाने चाचपडत उतरणं किती कठीण असेल, ते शिडीसमोर उभं राहिल्यावर कळतं. खुंटीच्या जोडापाशी दांडा उभा चिरलेला आहे, तोही नीट बघा. लाकडाच्या रेषेत भोक पाडून त्यात खुंटी ठोकली आणि वर माणसाचं वजन आलं, की लाकूड तिथेच फाटतं. मूल घेऊन उतरताना शिडी मोडली असावी, हा सरकार पक्षाचा तर्क याच चिरेवर उभा होता.

सहा दांड्यांना पोलिसांनी १२ ते १७ असे क्रमांक दिले आहेत. त्यातला १६ क्रमांकाचा दांडा शोधा. तो वरच्या तुकड्यात आहे. त्या रात्री घराला खालचे दोनच तुकडे जोडून लावले होते आणि वरचा वेगळा पडलेला मिळाला, म्हणजे खटल्यातला सगळ्यात वजनदार पुरावा शिडीच्या न वापरलेल्या भागात आहे. पुष्कळ लिखाणात हा तपशील निसटतो.

लाकूडतज्ज्ञ आर्थर कोहलर विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेत होते. त्यांनी शिडी सुटी करून प्रत्येक तुकडा तपासला. १६ क्रमांकाच्या दांड्याला चौकोनी खिळ्यांची चार भोकं होती आणि शिडीच्या रचनेशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. भोकांच्या कडेला गंज नव्हता. यावरून त्यांनी ताडलं की ही फळी आधी कुठेतरी आत, पावसापाण्यापासून दूर ठोकलेली असणार. हे त्यांनी १९३३ साली नोंदवलं, तेव्हा हाउप्टमनचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे सप्टेंबर १९३४ मध्ये त्याच्या भाड्याच्या घराच्या माळ्यावर जमिनीची एक फळी अर्धवट कापलेली सापडली. दांडा तिथल्या वाशांवर ठेवला तर चारही भोकं जुन्या खिळ्यांच्या जागांवर बसली. उरलेल्या फळीची आणि दांड्याची वाढीची वलयंही जुळली, फक्त मध्ये थोडा तुकडा गायब होता. दांड्याची कड हातरंध्याने तासलेली होती आणि हाउप्टमनचा रंधा तसेच ओरखडे सोडत होता. कोहलरनी भर न्यायालयात रंधा चालवून, त्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून ते दाखवलं.

खालच्या तुकड्याच्या दांड्यांची कथा वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर ती जास्त थक्क करणारी आहे. यंत्ररंध्याच्या खुणांवरून कोहलरनी काढलं की फळी तासणाऱ्या यंत्राच्या रुंद बाजूच्या फिरत्या डोक्यात आठ पाती आणि कडेच्या डोक्यात सहा पाती होती, आणि त्यातलं एक पातं सदोष होतं. देशाच्या पूर्व भागातल्या शेकडो गिरण्यांना पत्रं पाठवून ते साउथ कॅरोलायनातल्या मॅकॉर्मिक गावच्या डॉर्न गिरणीपर्यंत पोचले. तिथून माल कुठे कुठे गेला ते तपासत तपासत नोव्हेंबर १९३३ मध्ये ब्रॉन्क्समधल्या एका वखारीत येऊन थांबले. वखारीचा व्यवहार रोखीचा, त्यामुळे पुढे वाट बंद. हाउप्टमनने त्याच वखारीत काम केलं होतं हे अटकेनंतर कळलं.

आक्षेप काय आहेत? सगळ्यांत जुना माळ्याचाच. अटकेनंतर घराची झडती अनेकदा झाली, पण कापलेली फळी पहिल्या झडत्यांत कुणाला दिसली नाही. ती सापडली २६ सप्टेंबरला, एका पोलिस अधिकाऱ्याला, आणि मग पोलिसांनी ते घरच भाड्याने घेऊन बचाव पक्षाला लांब ठेवलं. दुसरा आक्षेप डॉक्टर इरॅस्टस हडसन यांचा. त्यांनी शिडीवर सिल्व्हर नायट्रेट वापरून बोटांचे शेकडो ठसे काढले, त्यात हाउप्टमनचा एकही नव्हता. शिवाय आपण तपासलं तेव्हा त्या दांड्याला एकच भोक होतं, अशी साक्ष त्यांनी दिली. ठशांचा मुद्दा खरा आहे आणि त्याला आजही समाधानकारक उत्तर नाही. भोकांचा मुद्दा मात्र टिकत नाही, कारण कोहलरच्या १९३३ च्या नोंदीत चार भोकं आधीच आहेत. दफ्तरात गेलात तर पहिल्यांदा हीच नोंद मागा. पोलिसांनी माळ्याची फळी 'तयार' केली असं मानायचं, तर अटकेच्या दीड वर्ष आधी नोंदलेल्या भोकांशी जुळेल असा माळा त्यांना शोधावा लागला असता. २००५ मध्ये दांडा आणि फळी यांची स्वतंत्र तपासणी नव्याने झाली, तिचाही निष्कर्ष हाच की दोन्ही एकाच लाकडाचे.

एक इशारा. आज दिसते ती शिडी १९३२ ची जशीच्या तशी नाही. ती कित्येक हातांतून गेली, रसायनात भिजली, सुटी केली गेली, पुन्हा जोडली गेली. लाकडाचा रंग, डाग किंवा चिरांची टोकं पाहून नवा सिद्धांत मांडू नये. मोजमापांसाठी सुरुवातीचे अहवाल आणि सुरुवातीचे फोटोच धरावेत.

खंडणीच्या चिठ्ठ्या बघताना त्यांच्या खुणेकडे लक्ष द्या: एकमेकांत अडकलेली दोन निळी वर्तुळं, मधल्या भागात लाल ठिपका आणि कागदाला तीन भोकं. एका चिठ्ठीवरची भोकं दुसरीवर ठेवली की जुळतात, म्हणून पुढच्या चिठ्ठ्या त्याच हातच्या आहेत हे पटत गेलं. भाषा मोडकी इंग्रजी, जर्मन वळणाची. 'गुड'च्या जागी 'गुट', 'एनिथिंग'च्या जागी 'एनिडिंग', सहीच्या शब्दातही एक जास्तीचं अक्षर. सरकार पक्षाने आठ हस्ताक्षरतज्ज्ञ उभे केले. पण अटकेनंतर हाउप्टमनकडून जे नमुने लिहवून घेतले, ते तासन्‌तास बसवून सांगितलेले होते, आणि स्पेलिंग चुकीचं लिहायला आपल्याला सांगितलं गेलं असं तो म्हणत होता. म्हणून अटकेआधीची त्याची स्वतःची कागदपत्रं, वाहनाचे अर्ज वगैरे, तुलनेला घ्यावीत. सांगून लिहवलेल्या नमुन्यांवर फार भार टाकू नये.

पैशांचा धागा सगळ्यांत सरळ आहे. हिशेब मांडून घ्या: पाचाच्या २,०००, दहाच्या १,५०० आणि विसाच्या १,२५० नोटा, एकूण ४,७५०. त्यात बहुतांश सुवर्णप्रमाणपत्रं, म्हणजे सोन्याच्या बदल्यात काढलेल्या नोटा, पिवळ्या शिक्क्याची, आणि महसूल खात्याचे एल्मर आयरी यांच्या आग्रहामुळे सगळ्यांचे क्रमांक उतरवून घेतलेले. लिंडबर्गना हे सुरुवातीला नको होतं. १९३३ मध्ये सरकारने सोनं आणि सुवर्णप्रमाणपत्रं १ मेपर्यंत जमा करायचा हुकूम काढला, आणि पिवळ्या शिक्क्याची नोट गल्ल्यावर उठून दिसू लागली. १५ सप्टेंबर १९३४ रोजी एका पेट्रोल पंपावरच्या माणसाने अशी दहाची नोट घेतली. बँक ती नाकारेल या धास्तीने त्याने नोटेवरच गाडीचा क्रमांक लिहून ठेवला: ४यू-१३-४१. त्याला अपहरणाचा संशय नव्हता, नोट बुडण्याची भीती होती. चार दिवसांत हाउप्टमन पोलिसांच्या ताब्यात होता, खिशात खंडणीतली विसाची नोट, आणि गॅरेजमध्ये दडवलेले १४,६०० डॉलरच्या आसपास. ते पैसे इसिडोर फिश या भागीदाराने ठेवायला दिले होते, असं त्याचं म्हणणं. फिश मार्च १९३४ मध्ये जर्मनीत मेला होता, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं.

याच धाग्यात एक गाठ आहे आणि ती अजून सुटलेली नाही. १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत 'जे. जे. फॉकनर' या नावाने खंडणीतल्या २,९८० डॉलरची सुवर्णप्रमाणपत्रं बदलून घेतली गेली. पावतीवरचा पत्ता खोटा निघाला, माणूस कधीच सापडला नाही. 'हाउप्टमन एकटाच होता का?' हा प्रश्न खरा याच पावतीपाशी उभा राहतो. दुसरा तसाच मुद्दा: लिंडबर्ग कुटुंब त्या घरात फक्त शनिवार-रविवार राहायचं. १ मार्च मंगळवार होता. मुलाला सर्दी झाली म्हणून ते थांबले. हे बाहेरच्याला कसं कळलं? शिवाय त्या खोलीच्या एका खिडकीची झडप वाकलेली असल्याने लागत नव्हती, आणि आत शिरणारा नेमका त्याच खिडकीने शिरला. योगायोग असू शकतो. पण घरातल्यांवर संशय गेला तो यामुळेच, आणि त्या संशयात एका मोलकरणीने जून १९३२ मध्ये विष घेतलं.

हाउप्टमनच्या घरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूची लाकडी पट्टीही पुराव्यांत आहे. तिच्यावर पेन्सिलीने कॉन्डन यांचा पत्ता आणि फोन क्रमांक आहे. हाउप्टमन चौकशीत त्याबद्दल धड नाही म्हणाला नाही, तरी हा मजकूर एका वार्ताहराने बातमीसाठी लिहिला अशी चर्चा अनेक वर्षं आहे. आमच्या मते हा पुरावा बाजूला ठेवावा. तसंच ८७ वर्षांच्या अमँडस हॉकमुथ यांनी आपण हाउप्टमनला गाडीत पाहिल्याचं सांगितलं, तेही, कारण त्यांची नजर अधू होती. आणि पैसे देताना दफनभूमीत ऐकलेल्या केवळ 'हे डॉक्टर' एवढ्या हाकेवरून अडीच वर्षांनी आवाज ओळखल्याची लिंडबर्ग यांची साक्षही, जिने ज्यूरीवर बहुधा सगळ्यांत जास्त परिणाम केला. हे तिन्ही काढून टाकले तरी दांडा आणि गॅरेजमधले पैसे उरतातच. खटला न्याय्य झाला का, या प्रश्नाचं उत्तर मात्र या तिघांमुळे बदलतं. बचावाचे वकील एडवर्ड रायली यांचा खर्च एका वृत्तपत्राने उचलला होता, आणि मृतदेहाची ओळख त्यांनी वादच न घालता मान्य करून टाकली.

कागद कसे वाचावेत? १९८१ साली गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी ते खुले केले, तोवर हे पोलिसांचंच दफ्तर होतं. कागद दोन लाखांच्या वर आहेत, म्हणून 'लिंडबर्गचं सगळं दाखवा' म्हणालात तर दिवस वाया जाईल. एक माणूस, एक वस्तू किंवा एक आठवडा ठरवून जा. उदाहरणार्थ, कोहलर यांचे १९३३ चे अहवाल. किंवा १९ ते २६ सप्टेंबर १९३४ या काळात माळ्यावर कोण कधी गेलं, याच्या नोंदी. खटल्याच्या साक्षी घरून वाचून जाव्यात आणि इथे फक्त त्यांमागचे मूळ जबाब पाहावेत. जबाब आणि साक्ष यांच्यातला फरक इथेच सापडतो. नेहमी होणारी चूक म्हणजे एवढंच दफ्तर पुरेसं मानणं. पैसे आणि अटक हा भाग न्यूयॉर्क पोलिसांचा आणि केंद्रीय तपास यंत्रणेचाही होता, त्यांचे कागद त्यांच्याकडे. गव्हर्नर हॅरॉल्ड हॉफमन यांनी शिक्षा झाल्यावर स्वतंत्र चौकशी चालवली होती, त्यांचे हजारो कागद तर १९८५ मध्ये त्यांच्या जुन्या घराच्या गॅरेजमध्ये मिळाले. म्हणजे 'सगळं पाहिलं' असं कुणी म्हणत असेल तर त्याला विचारा, काय काय.

जोडीने फ्लेमिंग्टनचं जुनं न्यायालय बाहेरून जरूर बघा. अर्ध्या दिवसात दोन्ही होतं. होपवेलच्या घराकडे मात्र जाऊ नका. ते राज्याच्या ताब्यात आहे आणि पाहण्यासाठी खुलं नाही.

आता गुण का कापले ते. खंडणीची पाकिटं टपालाने आली, त्यांवर तिकिटं आहेत. तिकीट लावणाऱ्याने ते जिभेने ओलं केलं असेल, तर त्याच्या डिंकात आजही काही सापडू शकतं. अभ्यासकांनी डीएनए तपासणीची मागणी केली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि राज्याने ऐतिहासिक वस्तू खराब होतील म्हणून विरोध केला. वस्तूंची काळजी आम्हालाही आहे, शिडीची काय अवस्था झाली ते वर लिहिलंच आहे. पण लोकांसाठी सगळे कागद उघडणारं दफ्तर नेमकं इथे दार लावून घेतं, हे पटत नाही. निकाल हाउप्टमनच्या बाजूने जाईल, विरुद्ध जाईल, की तिसऱ्याच कुणाचा निघेल, हे कुणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच तपासणी हवी. सगळी पाकिटं एकदम नकोत. एकच पाकीट निवडावं, त्याचे आधी सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत, आणि तिकिटाचा एक कोपरा उचलावा.